मधली जमीन

लिओनार्दो दा विंचीने १५०३-०४ च्या सुमारास काढलेले एक रेखाचित्र आज विंडसरच्या राजसंग्रहात आहे. चित्रात एका किल्ल्याचा चौक दिसतो. चौकाला तट आहे आणि तटाबाहेर चार उखळी तोफा मांडल्या आहेत. त्यांतून उडालेले दगड उंच चढतात, वळतात आणि तटाच्या आत कोसळतात. दगडांच्या वाटा लिओनार्दोने रेघांनी दाखवल्या आहेत, आणि त्या अशा नेमाने पसरल्या आहेत की चौकाचा एकही कोपरा सुटू नये. चित्राचा सगळा जीव या कमानींमध्ये आहे. तट किती उंच आहे, किती जाड आहे, याला इथे अर्थ उरलेला नाही, कारण मारा तटावर नसून तटाच्या वरून होतो आहे.

या संग्रहाचे पहिले पान या चित्राला दिले आहे. त्यानंतर अल्ब्रेख्त ड्यूररचे वेढ्याचे चित्र येते, मग मायकेलअँजेलोचे बुरुजांचे आराखडे, मग व्हिएन्नाच्या वेढ्याचा गोलाकार देखावा, आणि त्यापुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्याच किनाऱ्यावर काढलेली किल्ल्यांची चित्रे. शेवटच्या भागात वाचक मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर येतो. शिवडी, रे रोड, माझगाव, डोंगरी या पट्ट्यात १६८९ मध्ये खराखुरा वेढा पडला. त्याची हकिकत शब्दांत उरली आहे आणि ती जमीन अजून आपल्या पायाखाली आहे.

वेढ्याचे चित्र पाहताना नजर आधी किल्ल्याकडे जाते, मग तोफांकडे. चित्रकारानेही बहुधा तशीच योजना केलेली असते. माझी विनंती अशी की वाचकाने या दोहोंच्या मधल्या जमिनीकडे पाहावे. किल्ला कोणाचा, वेढा कोणाचा, कोण जिंकले, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. मधल्या जमिनीवर कोण राहत होते, तिथले पीक कोणी कापले, विहिरी कोणी बुजवल्या, घरे कोणी जाळली, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले असते. चित्रांत ते पुष्कळदा दिसते, कारण कागदाची मधली जागा चित्रकाराला कशाने तरी भरावीच लागते.

वेढ्याची अशी चित्रे त्याच काळात का निघू लागली, याचे उत्तर तोफेत आहे. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स १४९४ मध्ये इटलीत उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर घोड्यांनी ओढायच्या गाड्यांवर चढवलेल्या, लोखंडी गोळे फेकणाऱ्या ओतीव तोफा होत्या. पिढ्यानपिढ्या अभेद्य मानलेले उंच तट त्यांच्यापुढे थोड्या वेळात ढासळू लागले. जुन्या तटाची उंची ही शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूसाठी होती. तोफेला मात्र उंच तट म्हणजे सोपे निशाण. शिवाय गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळी जागा राहते. तटावरच्या माणसाला ती दिसत नाही आणि शत्रू तिथे बसून निवांत सुरुंग खणू शकतो.

यावर इटलीतल्या स्थपतींनी जो उपाय काढला त्याने पुढची तीनशे वर्षे जगभरचे किल्ले बदलले. त्यांनी तट खाली आणला, आत मातीची भर घालून तो रुंद केला, पुढे खोल खंदक घेतला आणि गोल बुरुजांच्या जागी बाणाच्या फाळासारखे टोकदार बुरूज बांधले. एका बुरुजाच्या बगलेतल्या तोफेने शेजारच्या बुरुजाचा सबंध चेहरा झोडपता यावा, म्हणजे आंधळी जागा कुठेच उरू नये, हे त्यामागचे गणित. असा किल्ला गवंड्याच्या सवयीने उभा राहत नाही. तो आधी कागदावर आखावा लागतो, पट्टीने आणि कोनमापकाने. तोफेच्या नळीपासून लक्ष्यापर्यंतची रेघ कुठून कुठे जाते हे कागदावर पाहिल्याशिवाय बुरुजाचा कोन ठरत नाही. म्हणून वेढा लढवणाऱ्यांना चित्रकार लागले आणि चित्रकारांना वेढ्याचे काम मिळाले.

लिओनार्दोने १५०२ मध्ये चेझारे बोर्जियाकडे लष्करी अभियंता म्हणून चाकरी केली आणि त्या काळात इमोला शहराचा वरून पाहिल्यासारखा नकाशा काढला. फ्लॉरेन्सला परतल्यावर पिसाविरुद्धच्या लढाईत आर्नो नदीचा प्रवाहच वळवून पिसाला कोंडीत धरण्याची योजना पुढे आली, त्यातही त्याचा हात होता. उखळी तोफांचे चित्र याच वर्षांतले. ज्या मनाने नदी उचलून दुसरीकडे ठेवण्याचा विचार केला त्याच मनाने दगडांच्या या कमानी आखल्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणे गोळा आधी सरळ जात असे आणि जोर संपला की खाली पडत असे. लिओनार्दोच्या चित्रात दगड सुटल्यापासून पडेपर्यंत वळत राहतो. निकोलो तार्ताल्या या गणितज्ञाचा तोफगोळ्याच्या गतीवरचा ग्रंथ १५३७ मध्ये निघाला आणि गॅलिलिओने त्या वक्राचे नेमके गणित छापले ते १६३८ मध्ये. लिओनार्दोच्या हाताने ते त्याआधी कित्येक वर्षे पाहिले होते.

तार्ताल्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक कबुली दिली आहे. माणसाला माणसाचा नाश शिकवणारी ही विद्या निंद्य आहे असे वाटून त्याने आपले लेखन काही काळ बाजूला टाकले होते, आणि तुर्कांचे संकट दाराशी आल्यामुळे ते बाहेर काढले, असे तो सांगतो. या संग्रहातले प्रत्येक चित्र या पेचातून आलेले आहे. रेघ सुंदर आहे, तिचे काम भयंकर आहे, आणि काढणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहे.

ड्यूररचे चित्र पाहायला वेळ द्यावा. ते लाकडाच्या दोन ठशांवरून छापलेले लांबट, आडवे चित्र आहे. साल १५२७ आहे, म्हणजे ड्यूररच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचे. त्याच वर्षी न्युरेंबर्गला त्याचा तटबंदीवरचा ग्रंथ छापला गेला आणि तो त्याने हंगेरी-बोहेमियाचा राजा फर्डिनंड याला अर्पण केला. आदल्या वर्षी, १५२६ मध्ये, मोहाचच्या रणात सुलतान सुलेमानने हंगेरीचे सैन्य बुडवले होते. त्या धास्तीत हा ग्रंथ लिहिला गेला. चित्रात एका बाजूला प्रचंड बुरुजाचे शहर आहे, दुसऱ्या बाजूने सैन्याच्या रांगा चालून येत आहेत, आणि मध्ये पसरलेला मुलूख आहे. दूरवर वस्त्या पेटल्या आहेत. चित्र तिरके धरून फक्त मधला भाग पाहिला तर लढाई जवळजवळ नाहीशी होते आणि एक उद्ध्वस्त होत असलेला गाव-शिवार उरतो.

त्या ग्रंथात ड्यूररने आणखी एक गोष्ट मांडली आहे. तटबंदीच्या कामावर गरिबांना मजुरी द्यावी, म्हणजे त्यांना भीक मागावी लागणार नाही आणि त्यांचा उठावही होणार नाही, असे त्याचे म्हणणे. जर्मनीत शेतकऱ्यांचा मोठा उठाव होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बुरुजाची जाडी मोजणारा हा कलावंत बुरूज बांधणाऱ्याच्या पोटाचाही विचार करत होता. बुरुजाच्या चित्रात मजूर दिसत नाही, पण लेखात आहे. म्हणून ही चित्रे त्यांच्या काळच्या लेखनाजवळ ठेवून पाहावीत.

ड्यूररच्या चित्रानंतर दोन वर्षांनी सुलेमान खरोखरच व्हिएन्नाच्या वेशीवर आला. २७ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर १५२९ असा तो वेढा चालला. पुढच्या वर्षी न्युरेंबर्गच्या निक्लास मेल्डेमानने त्याचे चित्र छापले. संत स्टीफनच्या मनोऱ्यावर चढून चारही दिशांना पाहिल्यावर जे दिसले ते सगळे त्याने एका वर्तुळात मांडले. शहराचे तट मध्यभागी आणि त्याभोवती तंबू, तोफा, घोडेस्वार, पळणारी माणसे. हे चित्र कुठल्याही बाजूने धरले तरी खालची बाजू सापडत नाही, पाहणाऱ्याला कागद फिरवत राहावे लागते. वेढ्यात सापडलेल्या माणसाला जे वाटते तेच इथे कागदाच्या घडणीत उतरले आहे. या वर्तुळात तटाला लागून एक उजाड पट्टा आहे. तिथे आधी वस्ती होती. तुर्क येण्यापूर्वी ती शहराच्या रक्षकांनीच जाळली आणि पाडली, शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. मधल्या जमिनीवर पहिला घाव पुष्कळदा आपल्याच बाजूचा पडतो, हे या चित्राने मला शिकवले.

त्याच सुमारास फ्लॉरेन्सलाही वेढा पडला होता आणि तटबंदीचे काम मायकेलअँजेलोकडे होते. त्याचे आराखडे फ्लॉरेन्सच्या कासा बुओनारोती या संग्रहालयात आहेत. त्यांतले बुरूज खेकड्याच्या नांग्यांसारखे बाहेर झेपावतात आणि तोफांच्या माऱ्याच्या रेघा त्यांतून चहूकडे फुटतात. ते पाहताना हा शिल्पकाराचा हात आहे हे लगेच कळते. इथे मधली जमीन म्हणजे नुसती रेघांची जाळी आहे. आराखड्याला माणूस दिसत नाही. ही उणीवही वाचकाने टिपून ठेवावी.

व्हिएन्नाहून परतलेल्या त्याच सुलेमानचे आरमार १५३८ मध्ये सुएझहून निघून दीवला आले. युरोपच्या मधोमध सुरू झालेली गोष्ट आपल्या किनाऱ्याला लागते ती इथे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या वसईच्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातली मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली होती आणि १५३५ मध्ये त्यांना दीवला किल्ला बांधू दिला होता. म्हणजे दीवचा कोट आणि माझगाव-परळची भातखाचरे यांचे नशीब एकाच वर्षाच्या आतबाहेर एकाच सत्तेशी बांधले गेले. दीवचा पहिला वेढा किल्लेदार अँतोनियो दा सिल्व्हेराने लढवला आणि नोव्हेंबर १५३८ मध्ये तुर्की आरमार माघारी गेले. दुसरा वेढा १५४६ च्या उन्हाळ्यात सुरू झाला. त्यात तोफांइतकेच सुरुंगांनी काम केले. ऑगस्टमध्ये एका बुरुजाखाली सुरुंग उडाला, त्यात गव्हर्नर जुआंव दे कास्त्रो याचा मुलगा फर्नांदो मेला. कास्त्रो स्वतः कुमक घेऊन पोहोचला आणि १० नोव्हेंबरला वेढा उठला.

हा कास्त्रो आपल्या विषयासाठी महत्त्वाचा माणूस आहे. तो गणित शिकलेला होता, चुंबकसूचीचे विचलन मोजत असे, आणि १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने किनाऱ्याची सविस्तर वही लिहिली. कोणत्या बंदरात किती पाणी, खडक कुठे, भरती-ओहोटी कशी, हे लिहिताना त्याने बंदरांची चित्रेही काढून घेतली. वाटेत त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णन केले. ही वही १८४३ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. गास्पार कोरिया हा दुसरा माणूस. तो १५१२ मध्ये हिंदुस्थानात आला, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कचा लेखनिक होता, आणि आपल्या बखरवजा ग्रंथासाठी त्याने किल्ल्यांची चित्रे काढली. ती १८५८ ते १८६६ या काळात लिस्बनला छापली गेली. या चित्रांत किल्ला अर्धा वरून आणि अर्धा समोरून दिसतो, घरे समोरून, समुद्र वरून. दृष्टिकोन एका जागी ठरलेला नाही, आणि म्हणूनच गल्ल्या, झाडे, होड्या, किनाऱ्याच्या वस्त्या यांना तिथे भरपूर जागा मिळते.

दीवची लढाई जिंकल्यानंतर ढासळलेला कोट पुन्हा बांधायला कास्त्रोकडे पैसे नव्हते. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पारदाव (त्या काळचे नाणे) कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. पोर्तुगालमध्ये ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात वेढ्याचा हिशेब दिसतो. तट पडतो तोफेने, पण उभा राहतो व्यापाऱ्याच्या, कारागिराच्या आणि रयतेच्या पैशाने. पुढे कास्त्रोच्या पराक्रमाचे गालिचे ब्रसेल्सला विणले गेले आणि ते आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत. ज्या शहराने सुलेमानचा वेढा सोसला तिथेच दीवच्या वेढ्याचे चित्र जपले गेले आहे.

कोकणात यानंतरचा मोठा वेढा चौलचा. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने १५७० च्या अखेरीस चौलला वेढा घातला आणि तो १५७१ च्या जुलैपर्यंत चालला. चौलला त्या वेळी भक्कम तटबंदी नव्हती. पोर्तुगिजांनी शहराबाहेरच्या बाजूची घरे आणि मठ यांनाच मोर्चे केले आणि लढाई घराघरांतून झाली. मधली जमीन म्हणजे इथे माणसांची राहती घरे. अँतोनियो दे कास्तिल्यो याने लिहिलेला गोवा आणि चौलच्या वेढ्यांचा वृत्तान्त १५७३ मध्ये लिस्बनला छापला गेला. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीत आज जे तट दिसतात त्यांच्याकडे पाहताना या घरांची आठवण ठेवावी.

आपल्याकडे वेढा चित्रापेक्षा शब्दांत अधिक नोंदला गेला. मोर्चे लावणे, दमदमा रचणे, सुरुंग चालवणे, खिंडार पाडणे, रसद तोडणे, सुलतानढवा करणे, हे सगळे शब्द बखरींत आणि पत्रांत जिवंत आहेत. १६६० मध्ये चाकणच्या भुईकोटाखाली शाहिस्तेखानाने सुरुंग उडवला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तरीही झुंज दिली, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याविषयी एक सूचना आहे. तोफांच्या दणक्याने खडकातले झरे आटतात, म्हणून एका झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी खोदून ठेवावीत, असा तिचा आशय. लिओनार्दोने दगडाचा वक्र पाहिला, अमात्यांनी तोफेच्या आवाजाने खडकाच्या पोटात काय होते ते पाहिले. दोन्ही निरीक्षणे एकाच जातीची आहेत. वेढ्यात तहान हे सगळ्यांत मोठे शस्त्र असते, हे आज्ञापत्राच्या लेखकाला कळत होते.

इटालियन पद्धतीचा टोकदार बुरूज प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मुंबईकराने वसईला जावे. दहा बुरुजांचा तो कोट मराठ्यांनी १७३९ च्या फेब्रुवारी ते मे या काळात वेढला. चिमाजी आप्पांच्या पत्रांत सुरुंग, खिंडारे आणि पुन्हा पुन्हा केलेले हल्ले यांची हकिकत आहे. एका बुरुजाची बगल दुसऱ्याचे रक्षण कसे करते हे तिथे तटावर उभे राहिले की पाच मिनिटांत कळते, आणि मराठ्यांना तो कोट घ्यायला इतकी माणसे का गमवावी लागली तेही कळते. वसई पडल्यावर पोर्तुगीज शिबंदी मानाने बाहेर पडून मुंबईत आली. मुंबईच्या इंग्रजांना आता आपली पाळी वाटू लागली. शहराच्या तटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. तटासमोरची घरे आणि माड पाडून तोफांच्या माऱ्यासाठी जागा मोकळी केली गेली, आणि ही मोकळी जागा पुढे वाढवत नेली. तट १८६० च्या दशकात पाडले गेले, जागेचा मोठा भाग उरला. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान ही त्या मधल्या जमिनीची आजची रूपे आहेत. मुंबईच्या दक्षिण टोकाला श्वास घ्यायला जी हिरवळ आहे ती तोफेच्या पल्ल्याने आखलेली आहे.

मधल्या जमिनीचा दुसरा, कमी ओळखला जाणारा तुकडा पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि हा संग्रह रे रोडला बसून जुळवण्याचे कारणही तेच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याच्या कारकिर्दीत इंग्रजांनी मोगल व्यापाऱ्यांची जहाजे पकडली आणि औरंगजेबाशी वैर घेतले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मोगलांच्या बाजूने आरमार घेऊन मुंबईवर आला. त्याला हा किनारा पाठ होता. १६७० च्या दशकात सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला मुक्काम करत असे आणि त्याचा त्रास गावाने अनेकदा सोसला होता. अलेक्झांडर हॅमिल्टन हा दर्यावर्दी त्या वेळी मुंबईत होता आणि त्याची हकिकत १७२७ मध्ये छापली गेली. तो सांगतो की सिद्दी मध्यरात्री शिवडीला उतरला, तिथल्या ठाण्यावरून इशाऱ्याची एक तोफ उडाली आणि ठाणे मोकळे झाले. सिद्दीचे लोक वीस हजार होते असा त्याचा आकडा आहे, आणि तो एका पक्षाचा आकडा म्हणूनच वाचावा. माझगावचा कोट इतक्या घाईने सोडला गेला की खजिन्याच्या पेट्या, चौदा तोफा आणि दोन उखळी तोफा मागेच राहिल्या. मग माहीम लुटले गेले. डोंगरीच्या टेकडीवर सिद्दीने तोफा चढवल्या आणि तिथून मुंबईचा किल्ला माऱ्यात आणला.

हॅमिल्टनच्या हकिकतीत एक वाक्य आहे, ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच केला असे म्हटले तरी चालेल. इशाऱ्याची तोफ ऐकून गोऱ्या आणि देशी बायका अंगावरच्या अपुऱ्या कपड्यांनिशी, फक्त मुले कडेवर घेऊन किल्ल्याकडे धावल्या, आणि उजाडेपर्यंत त्यांना तटाबाहेरच थांबावे लागले, असे तो लिहितो. दरवाजा बंद होता. एका बाजूला येणारा शत्रू, दुसऱ्या बाजूला आपलाच तट, आणि मध्ये ही माणसे. ड्यूररच्या चित्रातल्या पेटलेल्या वस्त्या आणि मेल्डेमानच्या वर्तुळातला उजाड पट्टा यांचा अर्थ त्या एका वाक्यात उतरला आहे.

किल्ल्यातल्या इंग्रजांनी जवळजवळ वर्षभर तग धरला. अखेर त्यांनी औरंगजेबाकडे माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि फर्मान मिळवले. चाइल्ड फेब्रुवारी १६९० मध्ये मेला. सिद्दी जूनमध्ये निघाला आणि जाताना माझगावचा कोट जाळून गेला. डोंगरीची टेकडी किल्ल्याला किती घातक आहे हे इंग्रज विसरले नाहीत. १७६९ मध्ये तिथला कोट काढून त्या जागी त्यांनी फोर्ट जॉर्ज उभारला, आजच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात.

आता हार्बर लाइनवर हे अंतर पाहू. शिवडीपासून माझगावच्या टेकडीपर्यंत सुमारे चार किलोमीटर आणि तिथून मुंबईच्या जुन्या किल्ल्यापर्यंत जवळजवळ तितकेच. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद: सिद्दीच्या फौजेची वाट आज आपली लोकल चालते. शिवडीचा किल्ला टेकाडावर अजून आहे. माझगावचा कोट जिथे होता त्या भंडारवाडा टेकडीवर आता जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी, मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा याच माझगावात जन्मले. रे रोड या दोन टेकाडांच्या मध्ये, सखल भागात येते. १६८९ मध्ये इथे भरतीचे पाणी आत येत असे आणि कडेला कोळी, भंडारी, आगरी यांच्या वस्त्या होत्या. १८८५ ते १८९० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे याचे नाव रस्त्याला मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव-शिवडीचा मोठा भराव पडला, १९१० मध्ये कुर्ल्याहून रेल्वे रे रोडपर्यंत आली, आणि किनारा पूर्वेला सरकला. गोद्या, वखारी, लाकडाचे आणि लोखंडाचे अड्डे, दारूखान्यातले जहाजतोडणीचे धक्के असा हा भाग घडत गेला. भारताची पहिली विमानवाहू नौका विक्रांत २०१४ मध्ये याच दारूखान्यात तोडायला घेतली गेली.

ज्या जमिनीवरून सैन्ये गेली तिच्यावर पुढे शहराचे जड काम आले. बंदर, माल, भंगार, वखारी, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसे. किल्ल्याच्या आतल्या भागाला इतिहास मिळाला, पाट्या मिळाल्या, सहली मिळाल्या. मधल्या भागाला तेवढे लक्ष कधी मिळाले नाही. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या योजना आज पुन्हा मांडल्या जात आहेत. रे रोडला तारांनी तोललेला नवा पूल २०२५ मध्ये खुला झाला आहे, शिवडीहून अटल सेतू निघाला आहे. या किनाऱ्याचे पुढचे आराखडे कागदावर आखले जात असताना आराखड्यातल्या माणसांचे काय, हा पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांनी विचारलेला प्रश्न आपल्या दाराशी आहे.

संग्रह कसा वाचावा याविषयी थोडे. प्रत्येक चित्रासमोर आधी तीन गोष्टी शोधाव्यात: पाणी कुठे आहे, रसद कोणत्या वाटेने येते, आणि ज्यांचा कोणत्याच पक्षाशी संबंध नाही अशी माणसे कुठे आहेत. त्यानंतर तोफा आणि बुरूज पाहावेत. चित्र कोणासाठी काढले, राजाला दाखवायला की कामगाराला राबवायला की बाजारात विकायला, हे प्रत्येक चित्राच्या टिपणात दिले आहे. त्यावरून मधल्या जमिनीचे काय झाले असावे याचा अंदाज लागतो. शेवटच्या भागातला शिवडी-माझगावचा मजकूर हातात घेऊन जमले तर ही वाट पायी चालावी. शिवडीच्या किल्ल्यावरून निघून, रे रोडच्या पुलाखालून, भंडारवाडा टेकडीवर चढावे आणि तिथून डोंगरीची दिशा ओळखावी. चढउतार पायांना कळले की हॅमिल्टनच्या पानांतले अंतर खरे वाटू लागते.

वेढ्याच्या चित्रांवर युरोपात पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत ती चित्रे आपल्या पत्रांशी, बखरींशी आणि आपल्या जमिनीशी जोडून पाहण्याचे काम अजून फार मोठे आहे. दीव, चौल, वसई आणि माझगाव या चार ठिकाणी ते हाताशी आहे. तरुण अभ्यासकांनी पोर्तुगीज शिकावी, मोडी शिकावी, आणि कोळीवाड्यांत, गावठाणांत जाऊन विचारावे की तुमच्या आठवणीत या वेढ्यांचे काय उरले आहे. किल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी आणि निष्ठावंत परंपरा आहे. त्या परंपरेने तटाबाहेर उतरून तितक्याच निष्ठेने मधल्या जमिनीचा अभ्यास हाती घ्यावा, ही या संग्रहामागची इच्छा आहे.

रे रोड, मुंबई